सगळं एकात की सुटं सुटं? घरची साउंड सिस्टीम टिकवायची असेल तर कोणत्या क्रमाने घ्यायची

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो: साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा, सगळं एकात असलेला लांबट स्पीकर) घ्यावा, की अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारा डबा) आणि स्पीकर वेगवेगळे? विचारणाऱ्याच्या खिशात बहुतेकदा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या शोरूमचं कोटेशन आधीच असतं. म्हणजे वस्तू ठरलेली आहे, आता कुणीतरी मान डोलवायची एवढंच. खोली मोजलेली नसते. टीव्हीच्या पाठीमागे कोणती भोकं आहेत ते पाहिलेलं नसतं. आणि बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न वॉरंटी संपल्यावर सुचतो.

क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात, मग वस्तू महाग असो की स्वस्त. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने जा. पहिले दोन टप्पे घरी बसून करायचे आहेत. त्याआधी दुकानात पाय ठेवू नका.

## टप्पा १: खोली, माणसं आणि टीव्हीची पाठ

टेप घ्या आणि खोली मोजा. दहा बाय बाराच्या हॉलला फार ताकदीची सिस्टीम लागत नाही, पण दोन स्पीकरांमध्ये पाच-सहा फूट अंतर आणि त्यांच्या मागे वीतभर तरी जागा लागते. तेवढी जागा खरोखर आहे का? शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले किंवा माळ्यावर चढवलेले स्पीकर ऐकायचे असतील, तर सुट्या भागांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

मग कागदावर तीन गोष्टी लिहा:

- सिस्टीम रोज कोण चालवणार. सकाळी सहाला अंबाबाईची आरती लावणारे आजोबा असतील, तर दोन रिमोट आणि इनपुट बदलण्याची कसरत त्यांना नको.
- नव्वद टक्के वेळ काय ऐकलं जाणार. बातम्या आणि मालिका, की गाणी?
- टीव्हीला कोणते आउटपुट आहेत. टॉर्च लावून पाठीमागे बघा: एचडीएमआयच्या एखाद्या पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणारं पोर्ट) लिहिलंय का, ‘ऑप्टिकल’ आहे का, हेडफोनचं भोक आहे का. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

इथेच थांबायचं कुणी? विद्यापीठाजवळ भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि दोन वर्षांत गाव बदलणाऱ्या मुलाने. स्वयंपाकघरात रेडिओसारखं काहीतरी हवं असलेल्यांनी. टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू यावेत, एवढीच गरज असलेल्या घरांनी. अशांनी एकच वस्तू घ्यावी. मात्र ती साधी आणि बेताच्या किमतीची असावी. सगळं एकात असलेली वस्तू महागडी घेणं हा सर्वांत वाईट सौदा. तो का, ते पुढच्या टप्प्यात.

## टप्पा २: कोणता भाग आधी मरतो त्याचा हिशोब

एका डब्यातले सगळे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. लेखातला कळीचा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रबरी कडा असलेला चांगला स्पीकर नीट वापरला तर वीस वर्षं सहज चालतो. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आधी दम तोडतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोट्या डबीसारखे भाग). त्यांचा साधारण ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. मोकळ्या हवेत ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर म्हणूनच दशकभर कुरकुर करत नाही, आणि काही झालंच तर कपॅसिटर बदलता येतात. बॅटरीवर चालणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरची गोष्ट वेगळी. लिथियम-आयन बॅटरी तीनशे ते पाचशे चार्जिंगनंतर जाणवण्याइतकी उतरते. वायफाय, अ‍ॅप आणि ब्लूटूथचा भाग तर चालू स्थितीतच कालबाह्य होतो.

तो कसा? वायफाय स्पीकर बनवणाऱ्या सोनोस कंपनीने मे २०२० मध्ये आपल्या काही जुन्या मॉडेलांचे नवे सॉफ्टवेअर अपडेट बंद केले. त्यांच्यातल्या स्पीकरांना काही झालं नव्हतं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (फोनवरचे व्हिडिओ-गाणी वायफायने टीव्ही किंवा स्पीकरवर लावणारी गूगलची छोटी यंत्रं) हे एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभर काही दिवस अडून बसले. ज्यांनी क्रोमकास्ट ऑडिओ वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता, त्यांनी फोनची वायर लावली आणि गाणी सुरू केली.

म्हणजे सगळं एका डब्यात घातलं, की सर्वांत आधी मरणारा भाग उरलेल्या सगळ्यांना बरोबर घेऊन जातो. साउंडबारचा बोर्ड गेला की त्याच्याबरोबर आलेला वायरलेस सबवूफरही (खर्जाचा वेगळा स्पीकर) मुका, कारण तो त्या बारशिवाय दुसऱ्या कशाशी जोडला जात नाही. होम थिएटरच्या तयार पॅकमधले स्पीकर पुष्कळदा तीन-चार ओहमचे (हा स्पीकरचा विद्युत विरोध; आकडा कमी तसा अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त) आणि कंपनीच्या खास प्लगचे असतात. मुख्य डबा बंद पडल्यावर ते साध्या अ‍ॅम्प्लिफायरला लावणं कटकटीचं, कधी कधी धोक्याचंही.

आता पैसे मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. समजा ३०,००० रुपयांचा साउंडबार सहा वर्षं चालला. वर्षाला ५,००० रुपये पडले. दुसरीकडे १५,००० चे स्पीकर, १२,००० चा अ‍ॅम्प्लिफायर आणि ३,००० चा ब्लूटूथ रिसीव्हर (फोनवरचं गाणं अ‍ॅम्प्लिफायरला पोचवणारा), म्हणजे तेवढेच ३०,०००. बारा वर्षांत रिसीव्हर एकदा नवा घेतला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीला २,००० गेले, तर एकूण ३५,०००. वर्षाला तीन हजारांच्या आतच.

तपासा: हा हिशोब सुट्या भागांच्या बाजूने तेव्हाच झुकतो, जेव्हा तुम्ही सात-आठ वर्षांहून जास्त काळ तीच सिस्टीम ठेवणार असता. दर तीन वर्षांनी नवं काहीतरी हवंच असेल, तर ‘टिकाऊपणा’ हे कारण स्वतःलाही सांगू नका.

मधला मार्ग आहे: पॉवर्ड स्पीकरची जोडी, म्हणजे ज्यांच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर असतो ते. जागा कमी, वायरी कमी, आवाज चांगला. फक्त बोर्ड बहुतेकदा एकाच स्पीकरमध्ये असतो आणि तो गेला की दोन्ही गप्प. घ्यायचे असतील तर साधा आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनेचा) इनपुट असलेले घ्या, ब्लूटूथवरच अवलंबून असलेले नकोत.

## टप्पा ३: दुकानात काय वाचायचं, काय सोडून द्यायचं

डब्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची फुगवलेली ताकद) असा शब्द आणि पुढे चार आकडी वॉट दिसले, तर तो आकडा नसल्यासारखाच समजा. वाचायचं ते ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारी ताकद. तेही एका चॅनलला (एका स्पीकरला) किती, किती ओहमवर आणि किती टक्के टीएचडीला (आवाज किती बिघडतो त्याचं माप). दहा टक्के टीएचडीवर मोजलेली ताकद म्हणजे आवाज फाटायला लागल्यानंतरची ताकद. एक टक्का किंवा त्याहून कमीवर मोजलेली असेल तर ती विश्वासाची.

वॉटच्या मागे लागू नका. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटला किती मोठा आवाज) ८७ ऐवजी ९० डेसिबल असेल, तर तोच फायदा फुकटात मिळतो. आपल्याकडच्या हॉलला चॅनलमागे चाळीस-पन्नास खरे वॉट म्हणजे रग्गड.

मग वस्तू उलटी करायला सांगा. पुढून सगळ्याच चकाचक असतात. स्पीकरची वायर स्क्रूच्या किंवा स्प्रिंगच्या साध्या टर्मिनलला लागते, की कंपनीचा खास प्लग आहे? आरसीए किंवा ३.५ मिमीचा इनपुट आहे का? वीज आत येते ती सुट्या पिनच्या केबलने की आतून चिकटवलेल्या वायरने? बाहेर अडॅप्टर असेल तर त्याचे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेत का? अडॅप्टर गेल्यावर तसाच दुसरा मिळाला, तर एक दुरुस्ती वाचते.

दुकानदाराला एवढंच विचारा: वॉरंटी संपल्यावर बोर्ड सुटा मिळतो का, आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की माल पुण्या-मुंबईला जातो? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

ऐकताना दुकानाचा डेमो व्हिडिओ नको. त्यात ढोल आणि हेलिकॉप्टर असतात, ते कुठेही दणदणीत वाटतात. तुम्हाला पाठ असलेलं, एकट्या माणसाच्या आवाजातलं गाणं मोबाइलमध्ये न्या. ‘बास बूस्ट’ आणि ‘सराउंड’ बंद करायला लावा. शब्द स्वच्छ येतात का, एवढं बघा.

## टप्पा ४: खरेदीचा क्रम

१. आधी स्पीकर. बजेटचा निम्मा भाग इथे. आवाजाचा स्वभाव स्पीकर ठरवतो आणि सर्वांत जास्त टिकतोही तोच. कोनाच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) भोवतीची कड रबराची आहे का बघा. फोमची कड दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होऊन गळते, दमट हवेत आणखी लवकर.

२. मग अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकर किती ओहमचे आहेत ते बघून. स्पीकर चार ओहमचे आणि अ‍ॅम्प्लिफायरवर ‘किमान ६ ओहम’ लिहिलेलं, ही जोडी जमवू नका. तो तापतो आणि एक दिवस जातो.

३. शेवटी ब्लूटूथ रिसीव्हर किंवा स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी लावणारा डबा). स्वस्तातला. तो बदलायचाच आहे.

४. वायर. दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची, दोन पदरी. आठ-दहा मीटरपर्यंत एवढी पुरते. टोक सोलून चाकूने खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. हजारो रुपयांच्या केबलींचं कौतुक ऐकून घ्या आणि पुढे चला.

स्टँड विकत घेऊ नका. शिवाजी उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला चौकोनी पाइप, वर-खाली प्लेट आणि चोवीस इंच उंची सांगितली की जोडी बनते. पाइपमध्ये कोरडी वाळू भरून घ्या, म्हणजे पाइप घुमत नाही.

जुना माल घेत असाल तर, आणि मी तर म्हणेन जरूर बघा, कारण जुना अ‍ॅम्प्लिफायर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो:

- कोनावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून हळूच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासते आहे.
- आवाजाचा नॉब फिरवताना चरचर आली तर घाबरू नका, काँटॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. पण एक बाजू मधूनमधून गायब होत असेल, तर किंमत पाडा किंवा सोडून द्या.
- अर्धा तास चालवून मग झाकणावर हात ठेवा. कोमट चालेल, चटका नको.

सावधान: जपानहून आलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘एसी १०० व्होल्ट’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाला असा सेट थेट प्लगला लावला की फ्यूज उडण्यावर भागलं तर नशीब. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर तो सेट घेऊच नका. काहींच्या मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो. प्लग लावण्याआधी तो बघा.

## टप्पा ५: वीज

अर्थिंग आधी. जुन्या पेठांमधल्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात पुष्कळदा काहीच जोडलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. हमिंग (सतत घुं-घुं आवाज) येतं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग आहेत. तसं करू नका, सेटच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुमच्यातून जाईल.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर त्यावर गुरगुरतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्हचा असेल तर अडचण नाही. लाइट गेली की सेटचा स्विच बंद करायची सवय लावून घ्या. लाइट परत येतानाचा झटका जास्त वाईट असतो.

आणि वळीव. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं की प्लग ओढून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. डिशची केबलही सेट-टॉप बॉक्सपासून सोडवा. वीज त्या वाटेनेही आत येते, आणि नुसत्या विजेच्या प्लगला लावलेल्या सर्ज प्रोटेक्टरकडे (झटका अडवणारं साधन) त्याचा इलाज नाही.

## टप्पा ६: जोडणी, याच क्रमाने

१. सगळं बंद, प्लग बाहेर. वायरची टोकं सेंटिमीटरभर सोला आणि तारा पिळून घ्या. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होतो.

२. लाल ते लाल, काळा ते काळा, दोन्ही बाजूंना सारखंच. वायरवर खूण नसेल तर वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याआधी पेन्सिल सेल घ्या. सेलचं धन टोक एका तारेला, ऋण दुसऱ्या तारेला, क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) कोन बाहेर सरकला तर धन टोक ज्या तारेला लावलं ती लाल. आत गेला तर उलट.

३. टीव्ही, रिसीव्हर वगैरे जोडा.

४. आवाजाचा नॉब शून्यावर आणा. मगच प्लग, मगच स्विच.

तपासा: दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून बातम्या लावा. आवाज मधोमध, टीव्हीच्या जागेवरून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो पसरट आणि पोकळ वाटत असेल, खर्जही गायब असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्यात.

सर्वांत जास्त फोन ज्यासाठी येतात ती अडचण: ऑप्टिकल केबल लावली, लाल दिवा दिसतोय, आवाज नाही. किंवा यूट्यूबला आहे आणि सिनेमाला नाही. टीव्ही डॉल्बीचा सिग्नल पाठवतोय आणि ऑप्टिकल सिग्नल आरसीएत बदलणाऱ्या तुमच्या साध्या डिजिटल कन्व्हर्टरला तो उलगडत नाही. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा सिग्नल) करा. लोक यासाठी वस्तू परत करून आलेत.

हमिंग येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची अँटेनाची केबल काढून बघा. हमिंग थांबलं तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडलं गेलंय. टीव्हीपासून ऑप्टिकलने जोडा. त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे त्या जोडणीतून लूप होतच नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात: ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. आवाज ढब्ब वाटला तर स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर चार बोटं मोकळी जागा, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, फुलदाणी, लग्नाचा फोटो यांपैकी काहीही नको. त्या जाळ्या हवेसाठी आहेत.

## टप्पा ७: पावसाळा आणि गणपती

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. स्पीकरची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकलेली असेल तर कॅबिनेटचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) फुगतो आणि कोनावर बुरशी येते. त्या चार महिन्यांत सिस्टीम आठवड्यातून दोनदा तरी तासभर लावा. आतली ऊबच ओल काढते. आरसीएच्या पिना पाऊस संपला की एकदा काढून, पुसून परत लावा. जाळीतून झुरळं आणि पाली आत शिरतात. बोर्डवर मेलेली पाल निघणं ही दुरुस्तीवाल्यांकडे नवलाची गोष्ट नाही.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात आलं त्यांना सांगायला नको, बाकी तळमजल्यावाल्यांसाठी: इशारा आला की आधी स्पीकर हलवा, तेच सर्वांत महागाचे आणि पाण्याला सर्वांत नाजूक. अ‍ॅम्प्लिफायर भिजलाच तर ‘चालतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका. उघडून, साफ करून, पूर्ण वाळवून घेतल्यावर काही सेट वाचतात. ओला असताना चालू केलेला सहसा वाचत नाही.

सावधान: घरची सिस्टीम मंडळाला देऊ नका. मोकळ्या चौकात ती पुरी पडत नाही, मग पोरं नॉब शेवटपर्यंत नेतात, अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होतो (ताकद संपून आवाज फाटतो) आणि फाटलेल्या सिग्नलमधली तीव्र टोकं ट्वीटरची कॉइल जाळतात. अनंत चतुर्दशीनंतर ‘शब्द अस्पष्ट येतात’ अशी तक्रार असेल तर आधी ट्वीटरला कान लावा.

## बिघडली तर

दुरुस्तीला नेण्याआधी हे पाच मिनिटांत करा. समजा डावी बाजू बंद आहे. सेट बंद करून स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला अदलाबदल करा आणि परत लावा.

- गप्प असलेला स्पीकर गप्पच राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. वायर बदलून बघा.
- तो बोलू लागला आणि दुसरा गप्प झाला, तर स्पीकर चांगला आहे. आता आरसीए केबलची डावी-उजवी पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला बदला. गप्पपणाची बाजू पुन्हा बदलली तर दोष केबलचा किंवा रिसीव्हरचा. तशीच राहिली तर अ‍ॅम्प्लिफायर.

स्पीकरची कॉइल गेली असेल तर मंडळांच्या आणि लग्नाच्या साउंडवाल्यांना विचारा. त्यांचे स्पीकर दर सीझनला जळतात, त्यामुळे कॉइल आणि कोन बदलणारा कारागीर त्यांना ठाऊक असतो. अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मॉडेल नंबरचा फोटो आधी पाठवा, अंदाज घ्या आणि बदललेले पार्ट परत मागा. रिसीव्हर गेला असेल तर दुरुस्तीला नेऊ नका. नवा येईपर्यंत फोनच्या हेडफोनच्या भोकातून आरसीएची वायर लावून फोनवर गाणी ऐका. फोनला ते भोक नसेल तर शंभर-दोनशे रुपयांचा सी-टाइप कन्व्हर्टर पुरतो, पण तो तुमच्या फोनवर चालतो का, ते दुकानातच लावून बघा.